माधवराव मंगळावर

तळेगाव, ४ जानेवारी २०२५

ती. शैलावन्सं यांना अनिताचा सा. न. वि. वि.

फोन केला की हे माझ्या हातातून ओढून घेतात आणि तुम्ही बहीणभाऊ गप्पांत रमता, म्हणून पत्र. दिवाळीत तुम्ही कॉम्प्युटरवरचा तो अंतराळाचा खेळ दाखवलात, त्यातल्या अंतराळवीराला ह्यांचं नाव दिलंत आणि त्याला मंगळावर उतरवलंत. कौतुकच आहे. पण तेव्हापासून गुडघ्याच्या ऑपरेशनचं नाव काढलं की हे म्हणतात, ताई मला परत आणत नाही तोवर मी टेबलावर चढणार नाही. डॉक्टरांची तारीख दोनदा मोडली. मंगळावर वजन कमी भरतं, तिथे गुडघा दुखत नाही, असं शेजाऱ्यांनाही सांगून झालं. इथे मात्र जिना बसत बसत उतरतात.

तेव्हा येत्या रविवारी ह्यांना खाली आणाच.

लोभ आहे, तो भावाच्या आधी माझ्यावर असावा.

तुमची अनिता

लोणावळा, १३ जानेवारी

चि. सौ. अनितास अनेक आशीर्वाद.

अगं, पृथ्वी आणि मंगळ दोघंही सूर्याभोवती फिरत असतात, आपापल्या चालीनं. मंगळावरून निघायचं ते पृथ्वी आज आहे तिकडे नाही, आपण पोचू तेव्हा ती जिथे असेल तिकडे. कार्ला फाट्यावर धावत्या एसटीच्या खिडकीत पिशवी टाकायची, तर खिडकी समोर यायच्या आधीच सोडावी लागते, तसं. योग्य वेळ यायला बराच अवकाश होता. तरी तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून रविवारी माधवला उडवलं.

तो पृथ्वीच्या वाटेवर अगदी अचूक पोचला. पृथ्वी तिथे नव्हती. आता इंधन संपलंय आणि तो सूर्याभोवती फिरतोय. तब्येत उत्तम आहे. त्याला एवढ्यात सांगू नकोस.

रागावलीस तरी माया राहू दे.

शैला

तळेगाव, २० जानेवारी

ती. ताईस सा. न.

अनिताच्या पोटात काही राहत नाही. मी सूर्याभोवती फिरतोय हे मला चहाच्या आधीच कळलं. खरं सांगू, आनंद झाला. इंधन नाही म्हणजे परतणं नाही, म्हणजे ऑपरेशनही नाही.

शनिवारी मळवलीला बारशाला गेलो होतो. हौसेनं पंगतीत खाली बसलो, आणि उठता येईना. दोन वाढप्यांनी मला श्रीखंडाच्या पातेल्यासारखं दोन्हीकडून धरून उचललं. सगळे हसले, मीही हसलो. अनितानं मात्र तोंड फिरवून डोळे पुसले.

तुला म्हणून सांगतो, मला भीती वाटते. आईला ऑपरेशनला आत नेलं तेव्हा ती आपल्याला हात हलवून गेली होती आणि परत आली नाही. मंगळाचं निमित्त बरं सापडलं होतं. आता काहीही करून मला उतरव. नीट वेळ बघून.

धाकटा समजून सांभाळून घ्यावं.

माधव

लोणावळा, २७ जानेवारी

चि. माधवास अनेक आशीर्वाद.

या खेपेला घाई केली नाही. खेळात काळ भराभर पुढे नेता येतो. तसा तो नेत, पृथ्वी तुझ्या जवळपास यायची वाट पाहत बसले. तेवढ्यात गॅसवरचा चहा उतू गेला. मग दुसरं यान सोडलं आणि चालक म्हणून अनिताचं नाव घातलं. तिनं तुला गाठलं, आपल्या यानात घेतलं, आणि पॅराशूट उघडून दोघं समुद्रात सुखरूप उतरलात.

भीती मलाही वाटते. पण आता सबब उरलेली नाही. डॉक्टरांशी मीच बोलले आहे. सोमवारी येते. तुला आत नेतील तेव्हा मी दाराशी असेन, आणि बाहेर आणतील तेव्हाही.

लोभ वाढव, वजन वाढवू नकोस.

ताई

तळेगाव, २० फेब्रुवारी

ती. शैलावन्सं यांना सा. न. वि. वि.

हे आता काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जातात आणि वाटेत भेटेल त्याला गुडघा दाखवतात.

एक सांगायचं राहिलं. तुम्ही दाराशी होतात, आत मला एकटीलाच सोडलं होतं. गुंगी उतरताना ह्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "उतरलो का?" नर्स म्हणाली, "नाही आजोबा, अजून झोपूनच राहायचं." मी हात धरून म्हटलं, "उतरलात." तेव्हा कुठे स्वस्थ झोपले.

लोभ असाच चालू ठेवावा. यानात मात्र आमच्या घरातलं आणखी कुणी बसवू नये.

तुमची अनिता