मामा बसल्याशिवाय

प्रक्षेपण तळ, ५ एप्रिल

ती. ताईस,
बाओशेंगचा सा. न. वि. वि.

फोन फाटकावरच जमा केला आहे, म्हणून हे पत्र. तेही इथले साहेब उघडून वाचतील, त्यांनाही नमस्कार. नवं रॉकेट उभं राहिलं आहे. त्याच्या इंधननळ्यांचे जोड मी आवळतो. नकाशे वाचायला माझा मीच शिकलो, आणि माझा जोड आजवर पाझरलेला नाही.

तुझ्या रुईलियनच्या लग्नाचं कळलं. डुकराचं मांस धुरावर नीट धर, मागच्या खेपेला आतून कच्चं होतं. टेबलं दक्षिणोत्तर मांड. तारखेचं मात्र विचारू नकोस. रॉकेट कधी उडणार ते सांगायची मनाई आहे, आणि तोवर मला इथून हलता येत नाही.

रागावलीस तरी लोभ राहू दे.
बाओशेंग

शिलियांग, ११ एप्रिल

चि. बाओशेंग यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

मांसाचं लिहिलंस, टेबलांचं लिहिलंस, मुख्य तेवढं गिळलंस. अरे, तू नवरीचा मामा! मामा बसल्याशिवाय आपल्याकडे कुणी जेवणाच्या काड्यांना हात लावतं का? पंचांगात सव्वीस तारीख निघते, नाहीतर थेट शरद ऋतू. तोवर जावई दूर बंदरावर नोकरीला जाणार. त्यात तुमच्या रॉकेटचे रिकामे भाग आमच्याच डोंगरात पडतात, आणि त्या दिवशी गावाला घरं सोडून खळ्यावर बसवतात. सव्वीसला तसं झालं तर? एका शब्दानं देश बुडेल का? बाबा म्हणतात, लहानपणी तुझं तोंड उघडायला साखर लागायची; हल्ली काय लागतं ते कळव.

आशीर्वाद आहेतच, तू मात्र ये.
ताई

प्रक्षेपण तळ, १७ एप्रिल

ती. ताईस सा. न.

'नको' लिहिता येत नाही, आणि 'चालेल'ही लिहिता येत नाही. कुंपण उंच आहे, पण मला अडवते ती गुप्ततेच्या कागदावरची माझीच सही. माझी खुर्ची मांडून ठेव.

बाओशेंग

शिलियांग, २७ एप्रिल

चि. बाओशेंग यास आशीर्वाद.

सव्वीसच धरली. आदल्या संध्याकाळी कर्ण्यावरून हुकूम आला आणि सकाळी वऱ्हाडासकट सगळं गाव खळ्यावर! टेबलं तिथेच मांडली, दक्षिणोत्तर. मांस आतपर्यंत शिजलं होतं. पण तुझी खुर्ची रिकामी. घरी जायची बंदी, आणि जेवायलाही कुणी बसेना. व्याही म्हणाले, एखादा चुलतमामा बसवा. बाबांनी त्यांना विचारलं, मामा म्हणजे काय टेबलाचा पाय आहे, मोडला की दुसरा लावायला?

तेवढ्यात उत्तरेकडून पांढरी रेघ चढत आली. बाबांनी तुझी खुर्ची तिच्याकडे वळवली, पेला भरला आणि जाहीर केलं की मुलगा येऊन गेला, घाईत होता, आता जेवा. सगळे जेवले. रुईलियननं मात्र तुझ्या पेल्याला कुणाला हात लावू दिला नाही.

जपून राहा, आणि आमच्यावर जीव असू दे.
ताई

प्रक्षेपण तळ, ४ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

पुढचं रॉकेट आलं आहे; मुक्काम वाढला. तुझ्या पत्रात तपशील फार अपुरे आहेत. उड्डाणाच्या वेळी आम्हा फिटरांना जमिनीखालच्या खोलीत बसवतात, वरचं दार बंद असतं. इतकी रॉकेटं गेली, मी एकही उडताना पाहिलेलं नाही. रेघ सरळ होती का? कुठे वळली? रंग कसा होता? रुईलियनला कशी दिसली?

सावकाश, सगळं लिही.
बाओशेंग