ओळखदार

४ जुलै
आले बाई एकदाची नाशकात! चांदवडच्या स्टँडवर आईनं डोळ्यांना पदर लावला आणि मी खिडकीत बसून मनातल्या मनात नाचत होते. गंगापूर रोडला खोली मिळालीये. सोबत सिन्नरची आरोही आहे, फार्मसीला. पहिल्याच दिवशी तिनं माझा अर्धा चिवडा फस्त केला, म्हणजे आमचं जमणार. यंदा एलएलबीला मालमत्ता हस्तांतरणाचा पेपर आहे. बाकीच्यांना त्याचा कंटाळा, मला मात्र त्यातच गोडी. जमीन कुणाची, हा प्रश्न सोडला तर आमच्याकडे भांडायला दुसरं आहे काय? मनीषा वकिलीण होणार आणि सगळ्यांची भांडणं मिटवणार!

१८ जुलै
दुपारी गोरक्ष सरांच्या ऑफिसात शिकायला जाते. सर जमिनीचीच कामं करतात. उतारे आणायचे, दस्ताचा मसुदा टाइप करायचा, मध्ये मध्ये चहा सांगायचा. आज वर्गात मॅडमनी ओळखदार शिकवला. दस्त नोंदवताना समोर उभी असलेली बाई खरंच तीच आहे, हे सांगणारा माणूस. मॅडम म्हणाल्या, कागद कितीही खोटे करता येतात, म्हणून कायदा शेवटी विचारतोच, हिला ओळखणारं कुणी आहे का? मला हे फार म्हणजे फारच आवडलं.

२ ऑगस्ट
आज नोंदणी कार्यालयात हक्कसोड पत्र होतं. मखमलाबादच्या गोटीराम काकांना झेंडूची जमीन एकट्याच्या नावावर करायचीये. त्यांची बहीण भागुबाई, पेठकडे दिलेली, आपला हिस्सा सोडणार. ऐन वेळी एक ओळखदार आलाच नाही. सर म्हणाले, मनीषा, तू राहा उभी. मी म्हटलं, सर, मी कुठं ओळखते ह्यांना? सर हसले. आत्ता बघितलंस ना, झाली ओळख, सगळेच असं करतात, म्हणाले.
अधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, हो, ओळखते, आमच्या शेजारच्याच आहेत. शेजारच्या! हे तर मला कुणी शिकवलंही नव्हतं. बाईंनी खाली मान घालून अंगठा दिला, मी सही केली, फोटो निघाले. नंतर सरांनी मिसळ खाऊ घातली. माझे कान मात्र सही करतानाच शरमेनं तापले होते.

११ ऑगस्ट
भागुबाईची मुलगी उज्वला आज ऑफिसात आली. तिची आई होळीलाच वारली. वस्तीवरच गेली, मेल्याचा दाखला कुणी काढलाच नाही. मग तो अंगठा कुणाचा? सर शांतपणे म्हणाले, दस्त पक्का आहे, ओळखदार ही काय इथंच बसलीय.
मला वाटलं, आता ही माझ्या झिंज्या उपटणार. तिनं आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणाली, "ताई, तुमी वळखत व्हत्या ना माझ्या आईला? मंग सांगा ना, कशी दिसायची ती?"
मी म्हणाले, तुमच्यासारखीच.
"नाय वो. तिच्या हनुवटीला भाजल्याचा डाग व्हता. येक फोटूबी नाय माझ्याकडं."
खरं काय ते लिहून द्या, नायतर आईचा हिस्सा गेला, असं म्हणून तिनं हात जोडले. माझ्याहून मोठी बाई, माझ्यापुढं हात जोडून! आणि मी? वकिलीची सनद मिळणार नाही ह्या भीतीनं फाईल चाळत बसले. ती गेली तरी मान वर केली नाही. शी. आरशात बघायची लाज वाटते.

१५ ऑगस्ट
हनुवटी चुरचुरतेय. आरोहीनं विचारलं, चहा सांडला का गं? नाही सांडला.
फुलबाजारातून जाताना एका म्हातारीनं हाक मारली, अगं भागे, वळखलं का? मी मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं. म्हातारी माझ्याकडेच बघून हसत होती.

२१ ऑगस्ट
डाग पुरता उमटला. डॉक्टर म्हणतात, जुना आहे, लहानपणी भाजलं असेल.
कॉलेजच्या हजेरीला अंगठा लागत नाही. पुसला, धुतला, तरी नाही. वर्गाच्या दारात मॅडमनी अदबीनं विचारलं, आपण कुणाच्या पालक? सगळी पोरं बघत होती. मी म्हटलं, चुकून आले. काय सांगणार होते मी — कुठल्या तोंडानं —

२६ ऑगस्ट
आरोही दार उघडेना. फटीतूनच म्हणाली, मावशी, मनीषा नाहीये घरी.
आईला व्हिडिओ कॉल लावला. ती बघत राहिली. मग म्हणाली, ताई, माझ्या मुलीचा फोन तुमच्याकडे कसा? ताई म्हणाली मला. माझी आई.
सगळं सांगून टाकावं वाटलं. पण तिला कळलं असतं मी काय केलं ते — फोन ठेवला.

२७ ऑगस्ट
नोंदणी कार्यालयात गेले. म्हटलं, लिहून द्यायचंय, मी त्या बाईला ओळखत नव्हते. नाव विचारलं. सांगितलं. दस्तावरच्या माझ्या फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, आजी, तुम्हाला ओळखणारं कुणी घेऊन या.
कुणाला नेऊ —

२८ ऑगस्ट
पेठच्या जीपमध्ये. पाय धरीन उज्वलाचे. तिला तरी खरं —

दुपारी
तिच्या ओट्यावर बसलेय. दारात आली, हातातलं सूप पडलं. घाबरली नाही. माझी हनुवटी हातात धरली. मला आई म्हणाली. मी म्हटलं, नाही गं, मी ती खोटारडी पोरगी — ऐकतच नाही. रडतेय, हसतेय. म्हणते, चल आता हापिसात, तूच सांग, ह्यो माझा अंगठा नाय —

लिहून ठेवते, पटकन. मी भागुबाईला ओळखत नव्हते. ओळखत — पण हेही आता खोटंच. उज्वला पायाळू जन्मली. दूध आटलं तेव्हा तिला नागलीची पेज पाजली, मी — कुणी सांगितलं मला हे —

चुलीपासून उठून आली. वहीत बघतेय. विचारतेय, आई, तुला कवापासनं लिवता यायला ला