रांगेत दोनदा उभा असलेला माणूस

७ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय सूनबाई,

आशीर्वाद नेहमीचेच, ते धरूनच चाल. आधी तुझा खोकला कसा आहे ते कळव. मी बरी आहे. स्वयंपाकघराचा नळ अखेर गळायचा थांबला. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनीच पाना आणून आवळला आणि वर ऐकवलं, "घरात पुस्तकं एवढी, पण एक वायसर सापडेल तर शपथ." तू विसरलेला स्वेटर धुऊन ठेवला आहे.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू "हं, आई" म्हणतेस आणि मागे कीबोर्डवर तुझ्या बोटांची टकटक ऐकू येते, मग माझं राहून जातं.

परवा वाचनालयात गेले होते. चित्रकलेचे मास्तर काउंटरवर उभे होते. दीपगृहांवरचं ते जाड पुस्तक आहे ना, एकच प्रत असलेलं, त्यासाठी. पुढच्या आठवड्यात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. "नंतर किती दिसेल याची डॉक्टर खात्री देत नाहीत. निदान त्यातली चित्रं तरी बघून घेतो," असं ते काउंटरवरच्या नव्या मुलीला सांगत होते. तिने स्क्रीनवर बघितलं. पुस्तक रांगेत तुमच्या पुढे असलेल्या सभासदाकडे आहे, म्हणाली, आणि कोणाकडे ते सांगायचं नाही असा नियम आहे.

"माझ्या पुढे एकच माणूस होता," मास्तर म्हणाले, "आणि तो तर गेला."

मी मासिकांच्या रॅकमागे होते. त्यांनी मला पाहिलं नाही, मीही पुढे झाले नाही.

बाहेर पडताना वाचनालयाच्या अध्यक्षांनी गाठलं. दातांचा दवाखाना बंद करून इतकी वर्षं झाली, तरी समोरच्याला तोंड उघडायला लावायची सवय गेलेली नाही. "वहिनी, राग मानू नका, पण घरच्या माणसाला काम दिलं की असं होतं. महिनाअखेरपर्यंत पुस्तकांच्या रांगेचा हा घोळ सुटला नाही, तर तुमच्या सुनेने बनवलेली संगणक प्रणाली आम्ही बदलणार."

मी म्हटलं, "सभासदांच्या नोंदींची नावं आणि फोन नंबर पुसलेली प्रत तिच्या हातात ठेवता, आणि वर घोळ शोध म्हणता?"

"सभासदांची माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही, हा ठराव तुमच्या यजमानांनीच मांडला होता."

खरंच ह्यांनीच मांडला होता. मी चपला घातल्या आणि निघाले.

मागच्या महिन्यात तू आली होतीस, तेव्हा जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून डोकं धरून बसली होतीस. "आई, एकच माणूस दोनदा असावा असं वागतंय हे. पण सभासद क्रमांक तर सगळे वेगळे आहेत, मग दोनदा कसा असेल?" मग विचारलंस, "तुम्हाला तिथे काही वेगळं दिसलं का?" मी म्हटलं, "नाही गं." आणि माझा फोन ओट्यावर पालथा ठेवला.

तू गेल्यावर कपाटातलं तुझं डेटाबेसचं पुस्तक काढलं. निम्मं डोक्यावरून गेलं. पण एका पानावर पेन्सिलची रेघ आहे, तुझ्याच हातची. तिथे लिहिलंय की प्रणाली आपण होऊन जो क्रमांक देते, तो नोंदींच्या ओळींना वेगळं ठेवतो, माणसांना नाही. एकाच माणसाच्या दोन ओळी झाल्या, तर क्रमांकही दोन होतात आणि दोन्ही बरोबरच दिसतात. "हा माणूस आधीच आहे" म्हणून अडवायचं असेल, तर तो नियम वेगळा लिहावा लागतो. रेघ तुझी आहे, म्हणजे तुला हे ठाऊकच होतं. दमलं की आपलं ठाऊक असलेलंच आधी निसटतं. आणि तुझ्यासमोर तर माणसं नव्हतीच, नुसते क्रमांक होते.

तो माणूस म्हणजे तुझे सासरे.

हॉस्पिटलच्या फेऱ्यांत ह्यांचं कार्ड हरवलं. वाचनालयातल्या आधीच्या माणसाने जुनी नोंद शोधण्याऐवजी नवा सभासद म्हणून नोंद केली आणि नवं कार्ड दिलं. दीपगृहांच्या पुस्तकासाठी ह्यांनी जुन्या कार्डावर नाव लावलं होतंच. नव्यावर पुन्हा लावलं. मला म्हणाले, "एकदा उभं राहून मिळत नाही ना, मग दोनदा उभा राहतो." आम्ही हसलो होतो. हे गेल्यावर मी नवं कार्ड परत केलं, ती नोंद बंद झाली. जुनी कोणाच्या लक्षातच राहिली नाही, ती रांगेत तशीच उभी राहिली.

सप्टेंबरात माझ्या फोनवर संदेश आला. आमच्या दोघांचा नंबर एकच. वर ह्यांचं नाव, खाली, "आपण मागितलेले पुस्तक आले आहे. कृपया घेऊन जावे."

मी भाजी चिरत होते. सूनबाई, तोवर बँकेने ह्यांचं नाव काढलं होतं, वीजवाल्यांनी काढलं होतं, दारावरची पाटी तर मीच उतरवली होती. आणि एका ठिकाणाहून कोणीतरी ह्यांना बोलावत होतं. मी कपडे बदलले आणि जाऊन, संदेश दाखवून, पुस्तक घेऊन आले. ती नवी मुलगी म्हणाली, "काकांना सांगा हं, वेळेत परत करा." मी म्हटलं, "सांगते."

पुस्तक पलंगावर ह्यांच्या बाजूला असतं. मोठ्याने वाचलं सगळं. वाचून कधीच झालं. मुदत उलटली तसे संदेश येतात, "आपले पुस्तक परत आलेले नाही," ह्यांच्याच नावाने. त्या संदेशांसाठी मी ते ठेवून घेतलंय, आणि तिकडे मास्तर डोळे घेऊन थांबलेत, आणि तू बोलणी खातेस.

हे पत्र टाकून तशीच वाचनालयात जाते. पुस्तक मास्तरांच्या हाती पडेपर्यंत तिथून हलायची नाही. संदेश अध्यक्षांना दाखवीन, आणि म्हणेन, आता तुम्ही तोंड मिटा.

तू तुझा नियम लाव. पण नुसता फोन नंबरावर लावू नकोस, नाही तर आमच्यासारख्या घरात दोघांतलं एकच कोणीतरी उरेल. नाव, जन्मतारीख आणि फोन, तिन्ही एकत्र जुळली तर अडवावं, असं मला वाटतं. चुकत असेन तर हसू नकोस. रांगेतही एका पुस्तकापुढे एका सभासदाचं नाव एकदाच. आधीच दुहेरी झालेल्या नोंदी एक केल्याशिवाय नियम लागतच नाही, असं पुस्तक म्हणतं. म्हणून ह्यांच्या दोन ओळींची एक कर. दोन्हीकडची वाचलेली पुस्तकं त्या एका ओळीत येऊ देत. मग ती बंद कर. पुसू नकोस, नुसती बंद कर.

त्या दिवसांत तू सगळ्यांना चहा करून दिलास, कागदपत्रं केलीस, आणि बाबांसाठी रडताना मी तुला पाहिलं नाही. म्हणून एक मागते. ती नोंद बंद करशील तेव्हा आधी मला फोन लाव. काही बोलू नकोस. टकटक ऐकू आली तरी चालेल.

त्या नंबरावर आता एकटीच असलेली,
तुझी आई