बुजवलेल्या टोकाकडचा ठोका

सोमवार, ४
आले एकदाची! नवी नोकरी, नवं हेल्मेट आणि खोलीला चक्क खिडकी. पिण्याच्या पाण्याचे मोठे पाइप जमिनीखाली टाकायचेत, सुरक्षेची जबाबदारी माझी. चर दोन पुरुष खोल. मुकादमाला पहिल्याच दिवशी बजावलं, की दोन्ही कडांना फळ्या आणि मधे टेकू लागल्याशिवाय खाली कोणी उतरणार नाही. तो हसला. म्हणाला, बाई, माती कडक आहे, उगाच घाबरू नका. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणे जाशील तिथे भांडण उकरून काढ. खोदकामावर आलेय म्हटल्यावर उकरणार नाही तर काय!

मंगळवार, ५
इथली एक पद्धत मला आवडली. पोकलेनच्या आवाजात हाक ऐकू येत नाही आणि चालकाला चराचा तळ दिसत नाही. म्हणून पाइप साखळीला टांगला, की वरचा माणूस त्यावर हातोडीने दोन ठोके देतो. खाली पाइप जोडणारा जोडारी बाजूला सरतो आणि आधी टाकलेल्या पाइपवर एक ठोका देतो. मगच पाइप खाली. ठोका नाही, तर पाइप नाही.

बुधवार, ६
जेवणाच्या सुट्टीत चर रिकामा होता. सगळी डोकी मी स्वतः मोजली होती. चालकाने साखळी तपासता तपासता सहज दोन ठोके दिले. खालून एक आला. मुकादम म्हणाला, आवाज घुमतो. दोनाचा एक होऊन घुमतो? चालक पांढराफटक पडला होता.

गुरुवार, ७
चालकाला चहाला धरून बसवलं, तेव्हा तो बोलला. मी येण्याआधी, गेल्या महिन्यात, एका जोडाऱ्याला फळ्यांशिवाय उतरवलं होतं. कड ढासळली. मुकादमाने त्याच दुपारी चराचं ते टोक तसंच बुजवलं आणि जोडारी काम सोडून पळाला असं सांगितलं. त्याची बायको अजून फाटकाशी येऊन विचारते. बोलता बोलता चालक रडायला लागला. माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली.

शुक्रवार, ८
पोलिसांत कळवलं. सोमवारी माणूस पाठवतो म्हणाले. मुकादम उद्याच उरलेले पाइप टाकून सगळं बुजवणार. मी लावून घेतलेल्या फळ्या, टेकूही आज काढून नेले त्याने. परत माणसं तशीच उतरवणार! बघतेच कशी उतरवतो.
दुपारी पुन्हा तो ठोका. भीती वाटते. वाटू दे.

शनिवार, ९. सकाळी नऊ
चालकाच्या मदतीने फळ्या, टेकू परत लावले. मुकादमाने त्याला हाकललं, नवा चालक आणला. चरात उतरून, पाइप जिथे ठेवायचा नेमकी तिथेच मांडी घालून बसलेय. वही मांडीवर. मी ठोका देणार नाही. काय करायचं ते कर म्हणावं!

साडेनऊ
पाइप डोक्यावर टांगलाय. मुकादमाला वाटतंय, मी दमेन, बाजूला होईन.
दोन ठोके. मी हातही हलवला नाही.
पुन्हा दोन. नाही म्हणजे नाही—
एक.
माझ्या मागून. बुजवलेल्या टोकाकडून—
साखळी करकरतेय. वर त्यांना वाटलं, मीच— अहो थांबा! ऐकू जात नाहीये— शिडी पाइपच्या पलीकडे—
दादा, तू नको रे देऊस, मी अजून बाजूला नाही झा—