बाहुलीच्या मिशा पुसण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक श्री. विश्वेश्वर यांस,
जनरक्षा प्रथमोपचार दल,
चामराजपेट, बेंगळूर.

अर्जदार : सौ. मथुराबाई भगवंतराव सुळाखे, धंदा शिवणकाम, राहणार चामराजपेट.

विषय : सरावाच्या बाहुलीच्या मिशा पुसून तिला तिचे लुगडे परत नेसवण्याबाबत, आणि ते होणार नसल्यास दुसऱ्या व्यवस्थेबाबत.

संदर्भ : १) माझा कानडीतला मागील अर्ज. २) त्यावर आलेले आपले उत्तर, "योग्य ती नोंद घेतली आहे."

महोदय,

वरील विषयी सादर करते ते असे :

१. मागचा अर्ज मी पेटेतल्या अर्ज लिहिणाऱ्याकडून कानडीत लिहून घेतला होता. कानडी मला बोलता येते, लिहिता येत नाही. त्या गृहस्थाने माझा सगळा राग गाळला आणि खाली फक्त "कृपा व्हावी" एवढे ठेवले, हे मागाहून दुसऱ्याकडून वाचून घेतल्यावर कळले. आपण धारवाडकडचे असून मराठी शाळेत शिकलेले आहात, हे आपणच आमच्या दुकानात कोटाचे माप देताना सांगितले होते. म्हणून हा अर्ज माझ्या हाताने आणि माझ्या भाषेत करीत आहे. यातला एकही शब्द कुणी गाळलेला नाही.

२. गेल्या वर्षी लढाई चालू असताना आपण आमच्या दुकानी आलात. विमाने आली, बाँब पडले तर जखमींना कोण उचलणार म्हणून दल काढले आहे, पण माणसे गोणपाटाच्या पोत्यावर पट्ट्या बांधायला शिकतात आणि पोते काही शिकवत नाही, असे आपले म्हणणे होते. कापडाची माणसे शिवून मागितलीत. काम यजमानांनी घेतले आणि शिवले मी. पुरुषांच्या बाहुल्या झाल्यावर मी विचारले की शत्रू काय बायका वगळून बाँब टाकतो? आपण हसलात आणि "एक बाई पण करा" म्हणालात. हे आपल्याला आठवत नसेल तर यजमान साक्षीला आहेत.

३. त्या बाहुलीत काय होते ते सांगते, कारण आता तिच्यात त्यातले थोडेच उरले आहे. अंगात वाळू आणि कापूस असा भरला होता की उचलताना खऱ्या बाईचे वजन लागावे. मान मुद्दाम सैल ठेवली होती. डोक्याखाली हात न घालता उचलले की ती मागे पडे आणि उचलणाऱ्याची चूक चारचौघांत दिसे. मापे माझ्या थोरल्या जाऊबाई तानूबाई यांची घेतली, कारण स्वतःची मापे स्वतःला घेता येत नाहीत. नेसवले तेही त्यांचेच जुने तांबडे इरकली लुगडे, नऊवारी, काष्टा घालून. मांडीला सायकलच्या ट्यूबची जखम शिवली. आत फुटबॉलचा ब्लॅडर, त्यात रंगाचे पाणी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला मोटारीच्या भोंप्याचा रबरी गोळा. आमचे घराणे रंगाऱ्यांचे आणि शिंप्यांचे, रक्ताचा रंग जमवायला मला वेळ लागला नाही. गोळा दाबला की रक्त उसळे आणि जखमेवर नीट हात दाबून धरला तरच थांबे. वरून मात्र काही दिसत नसे. तांबड्या नऊवारीच्या घड्यांत सगळे जिरून जाई. लुगडे बाजूला केल्यावाचून जखम सापडू नये, हाच तो धडा होता आणि तो मी जाणूनबुजून शिवला होता.

४. पहिल्या सरावाला पथकनायक कल्लाप्पा आणि त्यांच्या माणसांनी बाहुलीच्या कपाळाला सुंदर पट्टी बांधली. मी आडोशाला बसून गोळा दाबत राहिले आणि ब्लॅडर रिकामा झाला. सगळे हसले, मीही हसले. दुसऱ्या सरावाला त्यांनी कोपराला पट्टी बांधली. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. लुगड्याला हात कुणीच लावला नाही. मी तेव्हाच आपल्याला म्हटले की चूक कापसाच्या बाईवर होते आहे हे चांगलेच आहे, अशीच होऊ द्या, चार सरावांनी सुधारेल. तिसरा सराव तिच्यावर झालाच नाही.

५. झाले असे की आपल्या कार्यकारी मंडळातल्या कुणा सभ्य गृहस्थांनी हरकत घेतली. भर मैदानात बाईच्या लुगड्याला हात घालणे, मग ती कापसाची का असेना, शोभत नाही म्हणाले. आधी आपला निरोप आला की आत दुसरा परकर शिवा. शिवला. मग निरोप आला की छाती कमी करा. मी साफ नाही म्हटले, तेव्हा आपल्या कार्यालयात कुणीतरी ती उसवली. तो कापूस आपल्या खुर्चीच्या उशीत गेला असे आपला शिपाई सांगतो. मग लुगडे सोडले, खाकी चड्डी चढवली, डांबरी रंगाने मिशा रंगवल्या आणि नाव ठेवले मल्लाप्पा. लुगड्यात आता दलाची बक्षिसाची ढाल गुंडाळून ठेवतात. मल्लाप्पाची जखम चड्डीच्या कडेखाली उघडीच आहे, ती आंधळ्यालाही सापडेल. याच मल्लाप्पाला झटपट पट्टी बांधून दलाने यंदाची ढाल जिंकली. त्याबद्दल अभिनंदन करायचे राहिले होते, ते या अर्जात करते.

६. आता श्रावणातल्या त्या दुपारचे लिहिते. तानूबाई रागी दळायला कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत गेल्या. पदर यंत्राच्या पट्ट्यात गेला. पट्ट्याने त्यांना ओढून लोखंडी चौकटीवर आदळले आणि चौकटीच्या कडेने मांडी फाटली. गिरणीवाल्याने यंत्र थांबवले. दलाचे ठाणे त्याच रस्त्यावर, त्यामुळे आपली माणसे लगेच धावत आली. उशीर कुणी केला नाही, हे मी लिहून देते. शिस्तीतही काही कमी नव्हते. गर्दी हटवणे हा त्यांचा पहिला धडा, म्हणून डबे घेऊन बसलेल्या बायकांना त्यांनी आधी बाहेर काढले. ज्या बायकांनी बेधडक हात लावला असता त्या रस्त्यावर गेल्या. मग आपल्या माणसांनी चादर धरून आडोसा केला आणि तोंडे फिरवून उभे राहिले. जाऊबाईंच्या मनगटाला खरचटले होते, तिथे पट्टी बांधली. ती पट्टी मी नंतर सोडली. गाठ बाजूला, टोके आत खोचलेली, परीक्षेत पहिली यावी अशी.

७. शेजारणीने हाक मारली तेव्हा मी पळत गेले आणि चादर ओढून आत शिरले. लुगडे वरून कोरडे दिसत होते. मी ते बाजूला केले तेव्हा खाली सगळी फरशी भिजली होती. दोन्ही हातांनी जखम दाबली आणि घोड्याच्या जटक्यात तशीच बसून इस्पितळापर्यंत दाबून नेली. तोवर जाऊबाईंच्या अंगात फारसे काही उरले नव्हते. डॉक्टरांनी सांगितले की यंत्र थांबल्याबरोबर हेच कुणी केले असते, तर बाई घरी गेली असती. त्या घरी आल्या नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हापासून आम्ही एका चुलीवर रांधले, आणि सुई धरायला मला त्यांनी शिकवले. हे अर्जात लिहायचे नसते हे मला ठाऊक आहे.

८. कल्लाप्पांना मी दुसऱ्या दिवशी गाठले आणि नको ते बोलले. ते शब्द मी परत घेत नाही. ते बेळगाव जिल्ह्यातून इथे कापडगिरणीत नोकरीला आलेले, सरळ माणूस. रडत म्हणाले, "वैनी, मी घातलो की हात लुगड्याला. तेनी झटकल्या, 'बेडा अण्णा' म्हणाल्या. नको म्हटल्यावर कसं लावू हात? आणि जगल्या असत्या तर तेन्ला काय तोंड दाखवू?"

जाऊबाईंनी हात झटकला हे खरेच असणार. मी त्यांना ओळखते, सख्ख्या दिरासमोर त्यांनी कधी पदर ढळू दिला नाही. त्यांनी अण्णा म्हटले, की त्या बहीण झाल्या. बहिणीच्या अंगाला हात लावायचा नाही हे कल्लाप्पांना त्यांच्या आईने शिकवले, ते चांगलेच शिकवले. बहीण मरत असेल तर लावायचा, हे शिकवणे आपल्याकडे होते. त्यासाठी बाहुली होती, आणि आपण तिला मिशा लावून बसलात.

९. समाचाराला आलेले आपल्या मंडळातले एक गृहस्थ आमच्या ओसरीवर बसून म्हणाले की काही झाले तरी बाई अब्रूने गेली. यजमानांनी मला आत ढकलले म्हणून ते गृहस्थ धड घरी पोहोचले. महोदय, अब्रूने गेलेली जाऊ मला नको होती. लंगडत, कण्हत, माझ्यावर खेकसत घरी आलेली हवी होती. आपल्या मंडळाच्या अब्रूची व्याख्या काय ती एकदा लेखी मिळावी, म्हणजे चामराजपेटेतल्या बायका दळणाला निघताना ती वाचून निघतील.

१०. मागील अर्जानंतर आपण निरोप धाडलात की महिलांचे पथक काढण्याचा विचार चालू आहे. जरूर काढा, मी आजच नाव देते. पण आपल्या घरातून कोणी येईल का असे मी विचारले तेव्हा आपण घड्याळाकडे पाहिलेत. त्यावरून हा विचार किती दूर चालत जाणार याचा मला अंदाज आला. आणि पथक निघाले तरी गिरणीच्या पट्ट्याला कुणी सांगायचे, की बाया येईपर्यंत जरा थांब?

११. तरी विनंती अशी. मल्लाप्पाच्या मिशा पुसाव्यात. आपल्या उशीतला कापूस परत करावा. ढालीला दुसरे फडके शोधावे आणि लुगडे माझ्याकडे द्यावे, नेसवायला मी येईन. आणि येत्या रविवारी पाहुण्यांसमोर जे वार्षिक प्रात्यक्षिक आहे, ते याच बाहुलीवर व्हावे.

१२. हे लिहून झाल्यावर मी उठले होते, पण परत बसले. बाहुली परत मिळाली तरी तिच्याने एक गोष्ट होणार नाही. तिचे लुगडे कुणीही बाजूला करील, कारण ती हात झटकत नाही. ती लाजत नाही, आणि नको म्हणत नाही. मी तिला सगळे दिले, मानेची सैल शिवण दिली, उसळणारे रक्त दिले, आणि तोंड द्यायचे विसरले. त्यामुळे बाहुलीवर कितीही सराव झाला, तरी गिरणीत जे घडले त्याचा सराव होत नाही. तो जिवंत बाईवरच व्हायला हवा.

१३. म्हणून कळवते की रविवारी प्रात्यक्षिकाच्या वेळी मी स्वतः मैदानात येऊन पडणार आहे. ब्लॅडर माझ्या मांडीला बांधलेला असेल, नळी माझ्या लुगड्याखाली आणि गोळा माझ्या मुठीत. आपल्या पथकाने यावे, कल्लाप्पांनी पुढे असावे. मी त्यांचा हात झटकीन. ओरडेन, लाथा मारीन, आईबापांचा उद्धार करीन, देवाची शपथ घालीन. त्यांनी "अक्का, क्षमा करा" म्हणावे आणि लुगडे बाजूला सारून दाबावे. मी गप्प होईपर्यंत दाबून धरावे आणि त्यानंतरही सोडू नये. उठल्यावर सगळ्यांच्या देखत मी त्यांना नमस्कार करीन, म्हणजे वाचलेल्या बाईला कोणते तोंड दाखवायचे हा त्यांचा प्रश्न मिटेल. पण ब्लॅडर रिकामा झाला आणि तोवर कुणी हात लावला नाही, तर मी मेले असे समजावे. मग मी उठणार नाही. पाहुण्यांची भाषणे आणि ढालीचा समारंभ माझ्या शेजारीच उरकावा लागेल.

१४. चारचौघांत बाईने असे करणे शोभत नाही, असे मंडळाचे मत पडेल. पडू द्या. यात अब्रू जाणार असेल तर ती माझी जाईल, दलाची नाही, आणि माझी मी सांभाळीन. परवानगी देणार असाल तर कळवावे. देणार नसाल तर कळवण्याची तसदी घेऊ नये, मी येणारच आहे.

नम्र लिहिण्याची रीत आहे म्हणून नम्र,

सौ. मथुराबाई भगवंतराव सुळाखे

चामराजपेट, बेंगळूर
सप्टेंबर १९६६

सोबत : यजमानांची लेखी संमती. आपण ती मागणार हे ठाऊक असल्याने आधीच जोडली आहे. तिचा मजकूर असा : "माझी पत्नी जखमी होऊन पडली असेल तेथे, ती नको म्हणाली तरी, जो कोणी जवळ असेल त्याने तिला हात लावावा. माझी हरकत नाही. भगवंतराव सुळाखे."