पांढऱ्या गराचं पीच

प्रिय ठमे,

आईच्या पीचला यंदा पहिल्यांदाच भरभरून फळ आलं. ही पांढऱ्या गराची जात आपल्या अंगणात तग धरणार नाही, असं रोपवाटिकेवाला म्हणाला होता. पण आईच ती! पानं मुरडली, बुंध्यातून डिंक गळला, तरी छाटत राहिली, औषध मारत राहिली. आता अंथरुणावर पडल्यापडल्या माझ्यावर हुकूम सोडते. बोराएवढी फळं धरली तेव्हा म्हणे, निम्म्याहून जास्त खुडून टाक, तरच उरलेली पोसतील. मी हात आखडता घेतला की खिडकीतून ओरडायची, "अजून काढ, कंजूष कुठली!"

रविवारी दादा आला, सोबत त्याचे साहेब आणि त्यांची बायको. अजून आठवलं तरी शिसारी येते बघ. झाडाखाली उभा राहून मचमच खात होता, रस कोपरापर्यंत ओघळत होता, कोयी तिथेच थुंकत होता. वर साहेबांना सांगतोय, "हे झाड मीच जगवलं." ज्याने कधी तांब्याभर पाणी घातलं नाही, तो! मी म्हटलं, आत जाऊन आईला भेट तरी. तर दारातच नाकाला रुमाल लावून म्हणाला, "नको गं, वास येतो. आणि तिला कुठे काय कळतंय?"

आईने ते ऐकलं. भिंतीकडे तोंड करून पडली. मला तर त्याच्याशी एका रक्ताचं नातं आहे याचीच किळस आली. सगळी पिकलेली फळं पेट्यांत भरून साहेबांच्या गाडीत गेली. आईसाठी काही ठेव म्हटलं, तर एक किडकं फळ ओट्यावर ठेवलं आणि हात पुसले.

निघताना मात्र सहज बोलून गेला, "ठमीला मी सांगून टाकलंय, आई कुणाला ओळखत नाही, येऊ नकोस. उगाच रडारड कशाला?"

ठमे, फोनवर माझ्या तोंडून नुसत्या शिव्या निघाल्या असत्या, म्हणून लिहितेय. ते साफ खोटं आहे. आईची कंबर गेलीय, डोकं नाही. ती रोज विचारते, "ठमी रागावलीय का गं माझ्यावर?" मी काहीबाही सांगून वेळ मारून नेते. आता मला ते जमत नाही. दादाला विचारत बसू नकोस. मिळेल त्या गाडीने निघ.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच ताई