तेवीस पास

प्रिय तोफ,

आधी तुझ्या लेकीला दोन शब्द. पोरी, हे पत्र तूच बाबाला वाचून दाखवणार, म्हणून सांगतो. सावकाश वाच, आणि मधे तो कितीही ओरडला तरी थांबू नकोस. फोनवर त्याच्यापुढे माझं एक वाक्य पुरं होत नाही. कागदाला तो मधेच तोडू शकत नाही, म्हणून कागद.

हां, तोफ, आता तुझ्याशी. लेकीचा फोन आला होता. डोळ्याचं कळलं, आणि तू पुन्हा नको म्हणालास तेही कळलं. त्यावर मला बोलायचंच आहे, पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, मी वळसा घालून येणार. तोवर इकडची खबर घे. वहिनी गेल्यावर तू लेकीकडे राहायला गेलास त्याला आता दीड वर्ष झालं. गेटवरच्या तुझ्या टेलिफोनवर एक नवी मुलगी बसते. ती इतकी गोड बोलते, की बाहेरच्यांना आपण चुकीचा नंबर लावला असं वाटतं. परवा एका जुन्या गिऱ्हाइकाने तिला विचारलं म्हणे, तो खेकसणारा गृहस्थ बरा आहे ना?

माझं काम तेच. बाटल्या धुऊन आल्या की दिव्याच्या पांढऱ्या पडद्यासमोरून सरकत जातात, आणि तडा, काडी, केस, डाग दिसला की ती बाटली मी बाजूला काढतो. वीस मिनिटं झाली की उठायचं आणि दुसऱ्याने बसायचं, कारण त्यापुढे डोळे उघडे असतात पण त्यांना दिसत काही नाही. सव्वीस वर्षं मी नजरेवर पोट भरतो आहे. हे मुद्दाम लिहितो, पुढे याची लाज वाटायची आहे.

आपल्या कारखान्याच्या टीमला नवा कोच आला. मिसरूड नुकतं फुटलेला वाटतो. पहिल्याच दिवशी त्याने सांगितलं, चेंडू मिळाला की तीन पासांत समोरच्या गोलपाशी दिसला पाहिजे. तुझे जुने भक्त पायऱ्यांवर उभे राहून टाळ्या वाजवत होते. पेट्या रचणारा आपला पेटीवाला म्हणाला, "आज तोफ असता तर नाचला असता." मी म्हटलं, तोफ आता माझ्या पंथात आहे, विसरलास का? त्यावर ते सगळे हसले, आणि हसू आवरताना माझ्याकडे बघेनात. त्यांच्या त्या हसण्याने दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

आपल्या भांडणाची सुरुवात कुठून झाली आठवतं? जेवणाच्या सुट्टीत, हात धुण्याच्या नळापाशी. तू म्हणालास, गोल जाळ्यात होतो, मैदानाच्या मधोमध नाही, तेव्हा चेंडू जिथे गोल होतो तिथे पाठवा आणि मोकळे व्हा. मी म्हटलं, चेंडू आपल्या पायात आहे तोवर समोरचा आपल्याला गोल मारू शकत नाही, आणि त्याला पळवून पळवून दमवलं की तोच फट दाखवतो. तू म्हणालास, "तुमची टीम म्हणजे स्थळं बघणारा बाप. बघतोय, बघतोय, आणि पोरगी पन्नाशीची झाली." मी म्हटलं, तुमची टीम म्हणजे उंबऱ्याला ठेच लागली तरी दाराला लाथ मारणारा माणूस. त्या दिवसापासून तू तोफ आणि मी कासव. खरी नावं फक्त हजेरीपटावर उरली.

मग तू एकदा मला विचारलंस, ही सबुरी तू शिकलास कुठे? मी सांगितलं, गावच्या शाळेत. शाळेला चेंडू एकच होता आणि मैदानाच्या कडेला विहीर होती, कठडा नसलेली. लांब लाथ मारली की चेंडू विहिरीत. म्हणून गुरुजींनी नियमच केला, चेंडू जमिनीवरून, जवळच्याला, हळू. तू इतका हसलास की हातातला डबा सांडला. म्हणालास, "म्हणजे तुमचं सगळं तत्त्वज्ञान विहिरीच्या भीतीतून आलंय!" मी चिडलो होतो. आता लिहिताना वाटतं, तुझ्या हसण्यात माझ्या उत्तरापेक्षा जास्त खरेपणा होता.

मग ती सकाळ. बाटल्या धुण्याच्या हौदावरचा नळ सुटला आणि सोड्याचं ते जळजळीत पाणी तुझ्या तोंडावर आलं. डावा डोळा गेलाच, उजव्याच्या बुबुळावर पांढरा पडदा आला. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा, म्हणून पुढे तुला गेटवरचा टेलिफोन दिला. चार महिन्यांनी तू पहिल्यांदा मैदानावर आलास, माझ्या कोपराला धरून, आणि म्हणालास, "आता तू माझे डोळे. पण तुझ्या पंथाचा प्रचार करायचा नाही, जे दिसेल ते सांगायचं." जे दिसेल ते. हीच अट होती आपली.

सुरुवातीला मला ते जमत नव्हतं. ह्याने त्याला दिला, त्याने ह्याला दिला, त्याने परत मागे दिला. तू वैतागायचास. "अरे हा फुटबॉल आहे की टपालखातं?" मग मी शिकलो. चेंडू कुठे आहे ते सांगण्याऐवजी चेंडू नाही तिथे काय चाललंय ते सांगू लागलो. त्यांच्या बॅकचे खांदे पडलेत, तो आता पळून येणार नाही, आपला डावा विंगवाला हळूच रेषेला चिकटलाय, त्याच्याकडे कोणी बघत नाहीये. तुझी बोटं माझ्या कोपरावर घट्ट व्हायची. एकदा म्हणालास, डोळे होते तेव्हा मी फक्त चेंडू बघायचो रे. त्या दिवशी घरी जाऊन मी देवापुढे बराच वेळ बसलो होतो. मित्राला आपल्या नजरेतून काही दिसावं, याहून मोठं मागणं मला तरी सुचलं नव्हतं.

आता त्या फायनलबद्दल. चार वर्षं झाली. समोर छापखान्याची टीम, शून्य-शून्य, शेवटची काही मिनिटं, आणि छापखान्याची सगळी फौज आपल्या अंगणात. मी तुला म्हटलं, "आपल्याकडे आला चेंडू," आणि त्यानंतर गप्प झालो. तू कोपर हलवत होतास, अरे बोल, बोल ना. मी बोललो नाही. मग गर्जना झाली, आपल्या बाजूची, आणि तू मला मिठीच मारलीस. "कसा झाला? सांग! मोजत होतास ना पास? म्हणूनच गप्प होतास! किती?" आणि मी म्हटलं, तेवीस.

पोरी, थांबू नकोस.

तोफ, मी पास मोजत नव्हतो. माझे डोळे मिटलेले होते. चेंडू आपल्या पायात आला तो लगेच पुन्हा गेला, आणि त्यांचा फॉरवर्ड एकटा सुटला. मी खिशातली माळ धरली, डोळे मिटले आणि नाम घेऊ लागलो. वर्षानुवर्षं नजरेवर पोट भरणारा माणूस, दुसऱ्याचे डोळे व्हायला उभा राहिलेला, आणि नेमक्या वेळी डोळे मिटून बसला. गर्जना झाली तेव्हा अंगठ्याखाली तेविसावा मणी होता. तू आकडा मागितलास, माझ्याजवळ तेवढाच आकडा होता. मग तू पुढचं विचारत गेलास आणि मी देत गेलो. गोलीकडून डाव्या बॅककडे, तिथून मधे, परत मागे, सगळं मैदान फिरून शेवटी उजवीकडून जमिनीलगत, आणि आपल्या दहा नंबरने नुसता पाय लावला. आयुष्यभर जो गोल बघायची इच्छा होती तो मी तुला सांगितला. इतका चांगला सांगितला की मलाही दिसला.

खरं काय झालं ते मला, तुला रिक्षात बसवल्यावर, फाटकापाशी पेटीवाल्याकडून कळलं. त्यांच्या फॉरवर्डचा फटका आपल्या गोलीने पोटाशी धरला आणि तसाच उठून जीव खाऊन लाथ मारली. चेंडू अर्ध्या मैदानाच्या पलीकडे एकदा टप्पा खाऊन उठला, आपल्या दहा नंबरने खाली पडूच दिला नाही. एक लाथ, एक टप्पा, आणि जाळं. तुझा गोल होता तो, तोफ. तुझ्या जन्मभराच्या म्हणण्याचा गोल, आणि तो मी तुझ्याकडून चोरून माझ्या नावावर केला.

दुसऱ्या दिवशी सांगणारच होतो. पण सुट्टीत तू नळापाशी उभा राहून सगळ्यांना तो गोल सांगत होतास, हातवारे करून, एकेक पास, आणि अपघातानंतर तुझा चेहरा इतका उजळलेला आम्ही कोणीच पाहिला नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते. मग पेटीवाला खाकरला आणि म्हणाला, "तोफ, एक विसरलास. उजव्या बॅकने टाचेने दिलेला. चोवीस झाले." तू उसळलास. "तेवीसच! कासव मोजत होता!" मग तू मला हात जोडलेस, म्हणालास, इतकी वर्षं भांडलो, हरलो, आजपासून सबुरी. कोणी हसलं नाही. त्या दिवसापासून अख्खा कारखाना माझ्या खोट्याचा राखणदार आहे.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी ते देवाच्या पायाशी ठेवून गप्प बसलो असतो. पण त्याच वर्षी डॉक्टरीणबाईंनी तुला बोलावलं. कोणीतरी जाताना डोळे देऊन गेलं होतं, बुबुळ मिळत होतं, उजव्या डोळ्याला बसवून बघू म्हणाल्या. मी तुझ्या शेजारी बसलो होतो. तू म्हणालास, घाई नको, बाई, तेवीस पासांनी गोल होतो. आणि माझ्याकडे वळून विचारलंस, "काय कासवा?" मी हो म्हटलं. तुला दिसलं नाही, पण कोपऱ्यात उभी असलेली तुझी लेक माझ्याकडे बघत होती. मागच्या वर्षी पुन्हा तेच, तेव्हा मी फोनवर हो म्हटलं. आता बाई सांगताहेत की बुबुळावर नव्या शिरा पसरायला लागल्यात, आणखी थांबलं तर नवं बुबुळ शरीर धरणारच नाही. आज दहातल्या सहा जणांचं जमतं, उद्याचं त्या सांगत नाहीत.

तुझी भीती मला कळते. जमलं नाही तर आहे तो उजेडही जाईल, खिडकी कुठे आहे तेही कळणार नाही. ती खोटी भीती नाही, आणि मी छातीठोकपणे काही सांगणार नाही, माझ्या सांगण्याची किंमत तुला आत्ताच कळली आहे. पण माझ्या पंथाचं एक तुला मी कधी नीट सांगितलंच नाही. आम्ही चेंडू फिरवतो तो फट दिसेपर्यंत. फट दिसली आणि तरीही जो मागे पास देतो त्याला सबुरीचा म्हणत नाहीत, त्याला विहीर दिसत असते. मी तुला सबुरी म्हणून जी दिली ती गावच्या त्या विहिरीची भीती होती. तुझ्या अंगात ती कधीच नव्हती. ती तेवढी मला परत दे.

आता हे का लिहिलं ते. लेकीने सांगितलं, बुबुळ आलं आहे, आणि बाई परवा संध्याकाळपर्यंत तुझ्या होकाराची वाट बघणार आहेत, नंतर ते दुसऱ्याला जाईल. पत्र उद्या तुझ्या हातात पडेल असं टपालातला माणूस शपथेवर म्हणाला. मी रजा टाकली आहे. परवा सकाळच्या पहिल्या गाडीने येतो. तू मला दारातून हाकललंस तर पायरीवर बसेन, शिव्या दिल्यास तर ऐकून घेईन, आणि हो म्हणालास तर ऑपरेशनला आत नेईपर्यंत माझं कोपर तुझ्या हाताशी असेल. आपल्या टीमची पुढची फायनल अजून लांब आहे, तोवर पट्टी निघून बरेच दिवस झालेले असतील. त्या दिवशी तू बघ. शेवटची पाच मिनिटं राहिली की माझे डोळे मिटणारच, माळही खिशात असणार. गर्जना झाली की मी विचारेन, कसा झाला, किती पास? आणि तोफ, तेव्हा तू मला वाटेल तो आकडा सांग, मी मान्य करीन.

तुझाच,
कासव